विलायती मोटार, घरचा पाना

संस्थानांचा इतिहास लिहिताना सनदा, तहनामे, लढाया आणि दत्तकविधाने यांची नोंद आपण काळजीपूर्वक करतो. राजवाड्याच्या दर्शनी भागाचे वर्णन येते, हत्तीखाना येतो, पागा येते. वाड्याच्या मागच्या अंगाला असलेला मोटारखाना मात्र या लेखनात क्वचितच डोकावतो. आणि डोकावला तरी त्यात उभ्या असलेल्या गाड्यांची नावे येतात, त्या चालत्या ठेवणाऱ्या माणसांची येत नाहीत. विलायतेत जन्मलेली मोटार माळव्यातील मराठी घरांच्या अंगणापर्यंत कशी पोहोचली, तेथे ती घरच्या घरी कशी दुरुस्त होत राहिली आणि त्या दुरुस्तीतून कोणती विद्या उभी राहिली, हे मांडण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न आहे. याला माझ्यापाशी दोन आधार आहेत. एक म्हणजे मोटारउद्योगाचा सर्वांना ठाऊक असलेला इतिहास, आणि दुसरा, धार जिल्ह्यातील तिरला या गावी एका घरात जपलेली दुरुस्तीची वही. ते घर माझे आजोळ.

दरबारातली मोटार

धार आणि देवास ही पवारांची संस्थाने. अठराव्या शतकात मराठी फौजांबरोबर उत्तरेकडे गेलेली ही घराणी माळव्यात स्थिरावली आणि त्यांच्या पाठोपाठ कारकून, शिलेदार, वैद्य, पुराणिक, आचारी अशी अनेक मराठी कुटुंबे तेथे वसली. माझ्या आईचे घराणे त्यांपैकीच एक. देवासचा प्रकार तर विलक्षण. एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्ये नांदत होती.

या देवासच्या थोरल्या पातीचे तुकोजीराव पवार (तिसरे) यांच्याकडे १९२१ साली काही महिने खासगी चिटणीस म्हणून एक इंग्रज गृहस्थ राहिले. ते म्हणजे पुढे ‘अ पॅसेज टू इंडिया’ या कादंबरीमुळे जगभर गाजलेले ई. एम. फॉर्स्टर. चिटणीस म्हटल्यावर त्यांच्याकडे पत्रव्यवहार असेल असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात त्यांच्या गळ्यात पडल्या त्या बागा, टेनिसची मैदाने, पाहुणेघर, वीजघर आणि मोटारी! लेखणीच्या माणसाला मोटारखान्याचा कारभारी नेमण्यात दरबाराला काही वावगे वाटले नाही. साहेब आहे, म्हणजे मोटारीतले त्याला कळणारच, असाही हिशेब त्यामागे असू शकेल. पण मोटार काही हुकमाने चालत नाही. तिच्या पोटात हात घालणारा कोणीतरी लागतो, आणि तो हात एतद्देशीय ड्रायव्हरचा किंवा मिस्त्रीचाच होता. फॉर्स्टरसाहेबांच्या देवासच्या आठवणी १९५३ साली पुस्तकरूपाने आल्या आणि आजही वाचल्या जातात. त्या मिस्त्रीने काही लिहून ठेवले नाही.

धारची गोष्ट थोडी वेगळी. विसाव्या शतकात धारला रेल्वे पोहोचलीच नाही. महूची छावणी आणि इंदूर शहर गाठायचे तर रस्त्यानेच जावे लागे. त्यामुळे मोटार ही धारमध्ये नुसती ऐटीची वस्तू राहिली नाही, ती गरजेचीही झाली. १९४८ साली ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली, १९५६ साली मध्य भारत मध्य प्रदेशात गेला आणि १९७१ साली संस्थानिकांचे तनखेही बंद झाले. मोटारखान्यांचा पसारा साहजिकच आवरला गेला. गाड्यांपैकी काही विकल्या गेल्या, काही गंजल्या. विद्या मात्र गंजत नाही. दरबारात शिकलेला हात पोटासाठी बाहेर पडतो आणि रस्त्याकडेच्या एखाद्या टपरीत पुन्हा काम करू लागतो.

ऑक्सफर्डहून उत्तरपाड्याला

सर्वसामान्य मराठी कुटुंबाच्या दारात जी विलायती गाडी उभी राहिली ती रोल्स नव्हे, बेंटली नव्हे, ती मॉरिस. आपण तिला ओळखतो ॲम्बॅसडर या नावाने.

या गाडीचे मूळ शोधत गेले तर आपण एका घरगुती दुरुस्तीच्या धंद्यापाशीच जाऊन पोहोचतो. विल्यम मॉरिस या तरुणाने १८९३ साली ऑक्सफर्ड येथे आई-वडिलांच्या घरी, अवघ्या चार पौंडांच्या भांडवलावर, सायकलदुरुस्तीचे काम सुरू केले. वय सोळाच्या आसपास. सायकलीवरून मोटारसायकल, मोटारसायकलीवरून मोटार अशी मजल मारत १९१३ साली त्याने आपली पहिली मोटार बाजारात आणली आणि गावाचेच नाव तिला दिले: मॉरिस ऑक्सफर्ड. आपल्या बेळगावच्या वाचकांना येथे एक साम्य चटकन आठवेल. १८८८ साली किर्लोस्कर बंधूंनी आपल्या याच गावात सायकलींचे दुकान काढले होते आणि त्या रोपट्यातूनच पुढे लोखंडी नांगराचा आणि किर्लोस्करवाडीचा वृक्ष वाढला. दोन्हीकडचा आरंभ सायकलीपासून, आणि सायकल हे असे यंत्र की त्याचा प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो.

१९४२ साली बिर्लांनी हिंदुस्थान मोटर्स ही कंपनी गुजरातेतील ओखा बंदरात स्थापन केली. १९४८ मध्ये तिचे बिऱ्हाड बंगालमधील उत्तरपाड्यास गेले. मॉरिसच्या गाड्या तेथे भारतीय नावाने तयार होऊ लागल्या. मॉरिस मायनरची ‘बेबी हिंदुस्थान’ झाली, ऑक्सफर्डच्या दुसऱ्या मालिकेची १९५४ मध्ये ‘लँडमास्टर’ झाली आणि तिसऱ्या मालिकेची १९५८ पासून ‘ॲम्बॅसडर’ झाली. इकडे मद्रासला स्टँडर्ड कंपनीने १९६१ साली ट्रायम्फ हेरल्ड ही दुसरी ब्रिटिश गाडी आणली. तिचे तर संपूर्ण नाक, मडगार्डांसकट, पुढच्या बाजूला उलटे पडे आणि इंजिनासह पुढची चाके उघडी होत. जणू काही दुरुस्ती करणाऱ्यासाठी घराचे दारच काढून ठेवले आहे.

आता एक आकडा पाहण्यासारखा आहे. ऑक्सफर्डची तिसरी मालिका इंग्लंडात १९५६ ते १९५९ अशी जेमतेम तीन वर्षे निघाली. आपल्याकडे तिचाच अवतार मे २०१४ पर्यंत, म्हणजे छप्पन्न वर्षे निघत राहिला. जन्मगावी जी गाडी विस्मरणात गेली ती येथे दोन पिढ्यांची सोबतीण झाली. स्पर्धेला वाव नव्हता, परवान्यांचे राज्य होते, म्हणून ती टिकली असे अर्थशास्त्राचे अभ्यासक सांगतात आणि ते खरेच आहे. परंतु हे कारण ती कारखान्यात का टिकली याचे आहे. ती घरात का टिकली याचे उत्तर वेगळे आहे, आणि ते तिरल्याच्या वहीत सापडते.

तिरल्याची वही

तिरला हे गाव धारच्या पश्चिमेला, अहमदाबादकडे जाणाऱ्या वाटेवर. काळी जमीन, सोयाबीन आणि गहू, पलीकडे झाबुव्याच्या दिशेने सुरू होणारा भिल्लांचा मुलूख. बेळगावच्या बाजूच्या मुलाचे आजोळ इतक्या दूर कसे, असे मला शाळेत विचारीत. मराठी माणूस महाराष्ट्राच्या सीमेबाहेर दक्षिणेला राहिला तसा उत्तरेलाही राहिला, एवढेच त्याचे उत्तर. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही खांडव्यापर्यंत मोठ्या गाडीने, तेथून महूपर्यंत छोट्या गाडीने आणि पुढे बसने तिरल्यास जात असू.

मामांची बेताची शेती आणि पिठाची गिरणी होती. गिरणीला ऑइल इंजिन होते, त्यामुळे यंत्राशी त्यांची ओळख जुनी. १९७६ साली त्यांनी एका कंत्राटदाराकडून १९६४ची ॲम्बॅसडर मार्क टू विकत घेतली. १४८९ सी.सी.चे पेट्रोल इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, पुढे तिघे बसतील अशी सलग बैठक. आजींनी ‘नाकापेक्षा मोती जड’ असा अभिप्राय दिला होता म्हणतात. गाडी आली त्याच दिवशी मामांनी शाळेची दोनशे पानी वही आणून पहिल्या पानावर ‘श्री’ काढला. ही वही १९७६ पासून २००१ पर्यंत चालली. मामा गेले, वही माझ्या मामेभावाने जपली आहे आणि गेल्या वर्षी ती मला सावकाश वाचता आली.

मोडी दफ्तर वाचताना आपण जी शिस्त पाळतो, तारीख, रक्कम, व्यक्ती, कारण, तीच शिस्त लावून मी ती वाचली. डावीकडे तारीख आणि मैल, मधे काम, उजवीकडे खर्च. उजवीकडचा रकाना बऱ्याचदा कोरा आहे. काम घरी झाले, खर्च शून्य! ऑइल बदलले, प्लग साफ केले, पॉइंट घासले, ग्रीस भरले, ब्रेक आवळले. दर काही पानांआड एखादे मोठे काम येते. ‘हेड उघडले’ अशी नोंद आली की समजावे, दोन दिवस ओसरीवर पाय ठेवायला जागा नव्हती.

हेड उघडणे हा आमच्या सुट्टीतला मोठा कार्यक्रम असे. आधी बॅटरीची तार सुटी करायची. हा नियम मोडलेला मामांना खपत नसे. मग रेडिएटरचे पाणी सोडायचे. सुटा केलेला प्रत्येक नट वर्तमानपत्रावर ज्या क्रमाने निघाला त्याच क्रमाने मांडायचा, म्हणजे लावताना उलट क्रमाने हात चालतो. पिस्टनच्या डोक्यावर साठलेला काजळीचा थर हलक्या हाताने खरवडायचा. व्हॉल्वना पेस्ट लावून, काठीच्या टोकाला बसवलेल्या रबरी वाटीने त्यांच्या बैठकीवर ते घासायचे. करडी, अखंड कडी दिसली की बैठक जुळली. हेड परत बसवताना नट मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला, थोडे थोडे, सारख्या जोराने आवळायचे. एका कडेने आवळत गेले तर हेड वाकते आणि गॅस्केट फुटते.

टॅपेटच्या फटी जुळवताना मामा आम्हाला गणित घालीत. या इंजिनाला आठ व्हॉल्व. जो व्हॉल्व पूर्ण दबलेला असेल त्याचा क्रमांक नवातून वजा करायचा. उत्तर येईल त्या व्हॉल्वची फट मोजायची. आठवा दबला की पहिल्याची, सहावा दबला की तिसऱ्याची. बेरीज नेहमी नऊ. फट पंधरा थाऊ, म्हणजे एका इंचाचे हजारावे भाग पंधरा. फिलर गेजचे पाते त्या फटीतून ना सैल ना घट्ट, किंचित अडखळत सरकले पाहिजे. दशांश अपूर्णांक मला शाळेत शिकवले गेले होते. त्यांची जाडी बोटांना कळली ती तिरल्याच्या ओसरीवर. आज तीस वर्षे शिकवल्यानंतरही त्या धड्याहून चांगला धडा मला देता आलेला नाही.

तीन मापांचे पाने

मामांच्या पेटीत पान्यांचे तीन संच होते आणि ते एकमेकांत मिसळलेले त्यांना चालत नसत. या तीन संचांत दीडशे वर्षांचा इतिहास भरलेला आहे, तो थोडक्यात सांगितला पाहिजे.

पहिला संच गिरणीच्या इंजिनाचा, व्हिटवर्थ मापाचा. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज अभियंत्याने १८४१ साली स्क्रूच्या आट्यांना एकच ठराविक माप असावे अशी सूचना केली. तोपर्यंत प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे असत. त्याच्या आट्याचा कोन पंचावन्न अंशांचा. या पान्यांची खुबी अशी की त्यांच्यावर लिहिलेला आकडा बोल्टच्या दांड्याची जाडी सांगतो, नटाची रुंदी नव्हे. म्हणून अर्धा इंच लिहिलेल्या पान्याचे तोंड पाऊण इंचाहून मोठे असते. नवशिक्या येथेच फसतो.

दुसरा संच मोटारीचा. महायुद्धात इंग्लंड आणि अमेरिका यांचे नटबोल्ट एकमेकांना बसेनात, दुरुस्तीचा खोळंबा झाला; म्हणून १९४८ साली ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांनी साठ अंशांचा एकच आटा मान्य केला. पन्नाशीनंतरच्या मॉरिसमध्ये हा आटा आला. याच्या पान्यावरचा आकडा नटाच्या समोरासमोरच्या दोन बाजूंमधले अंतर सांगतो, तोही इंचात.

तिसरा संच मिलिमीटरचा. भारताने १९५६ साली दशमान वजनमापांचा कायदा केला आणि आणे-पैसे, शेर-मण, इंच-फूट क्रमाने मागे पडले. हा संच पेटीत येण्याचे निमित्त मात्र वेगळे झाले. पेट्रोल परवडेना म्हणून १९८८ साली मामांनी गाडीचे मूळ इंजिन उतरवून मॅटॅडोरचे डिझेल इंजिन बसवून घेतले. हा त्या काळी पुष्कळ ॲम्बॅसडरवाल्यांनी केलेला उद्योग. मॅटॅडोर जर्मन घराण्याची, तिचे सगळे मिलिमीटरात. म्हणजे एकाच गाडीच्या अंगावर इंग्रजी आणि जर्मन अशी दोन मापे नांदू लागली; देवासच्या दोन पातींसारखी!

वहीत या कामाची दोन पाने आहेत आणि त्यांत धारच्या एका मिस्त्रीचे नाव वारंवार येते. इंजिन बसवण्याचे पाये कापून नवे जोडणे, गिअरपेटीशी मेळ घालणे, जास्तीच्या वजनासाठी पुढच्या टॉर्शन बारला पीळ देऊन गाडीचे नाक वर उचलणे, हे सारे त्याने कोणत्याही नकाशाशिवाय केले. मामा त्याला ‘उस्ताद’ म्हणत आणि तो मामांना ‘दादासाहेब’. पैशाच्या रकान्यात मजुरीबरोबर ‘गहू एक पोते’ अशीही नोंद आहे.

हळद, साबण आणि ओले फडके

आणखी एक विद्या वहीत आहे, ती कोणत्याही कारखान्याच्या पुस्तकात नसावी. मे महिन्यात मांडूचा घाट चढताना गाडी अडायची. उष्णतेने नळीतल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंपाला ती ओढता येत नाही. उपाय म्हणजे पंपावर ओले फडके. ते थंड झाले की वाफेचे पुन्हा पेट्रोल होते. रेडिएटर झिरपू लागला तर मामी मूठभर हळद काढून देत. हळदीचे बारीक कण भेगेत जाऊन बसतात आणि गळती थांबते. पण लगेच पुढच्या ओळीत मामांची नोंद आहे: ‘घरी पोचताच रेडिएटर काढून धुणे, डाख लावणे, हळद नळ्याही बुजवते.’ पेट्रोलची टाकी पाझरली तर कपड्याच्या साबणाची वडी घासायची, कारण हा साबण पेट्रोलात विरघळत नाही. पाण्याच्या पंपाचे गॅस्केट वहीच्या पुठ्ठ्यातून निघे. पुठ्ठा जागेवर धरून कडेने हातोडीने हलके ठोकत गेले की नेमका आकार कापला जातो. हेडच्या गॅस्केटला मात्र पुठ्ठा चालत नाही. ते धारच्या बोहरी दुकानदाराकडून विकतच आणावे लागे.

याला कोणी ‘जुगाड’ म्हणेल. त्या शब्दात थोडी तुच्छता आहे, म्हणून मी तो वापरत नाही. वही नीट वाचली तर दिसते की तात्पुरता उपाय आणि पक्के काम यांतला भेद तेथे सतत पाळला आहे. तात्पुरत्या कामापुढे फुली आहे आणि पक्के काम झाल्यावर त्या फुलीभोवती गोल आहे. अशी गोल न झालेली फुली मला चोवीस-पंचवीस वर्षांत तीनच ठिकाणी सापडली. पुष्कळ कचेऱ्यांचे दफ्तर इतके चोख नसते.

उघडे यंत्र, झाकलेले यंत्र

धारच्या संदर्भात यंत्रांविषयी लिहावे आणि राजा भोजाचे नाव घेऊ नये, हे योग्य होणार नाही. अकराव्या शतकातील या विद्वान राजाच्या नावावर असलेला ‘समरांगणसूत्रधार’ हा ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड प्राच्यमालेत १९२४-२५ साली दोन भागांत छापला गेला. त्यात यंत्रविधानावर एक स्वतंत्र अध्याय आहे. नाना प्रकारच्या यंत्रांचे वर्णन करून ग्रंथकार सांगतो की ती जोडायची कशी ते आपण मुद्दाम सांगितलेले नाही. अज्ञानामुळे नव्हे, तर गुप्तता राखावी म्हणून. यंत्र पाहावे सर्वांनी, पण त्याचे वर्म थोड्यांनाच कळावे, ही भूमिका त्यामागे आहे.

त्याच धारच्या पंचक्रोशीत नऊशे वर्षांनी एक यंत्र असे आले की ते काही लपवीत नव्हते. झाकण उचलले की पेट्रोलची नळी कोठून येते, ठिणगी कोठे पडते, पाणी कोठे फिरते, सारे डोळ्यांसमोर. गाडीवर शिक्का विलायतेचा होता, पण तिची विद्या पानाइतकी मोकळी होती. म्हणूनच गिरणीवाला, शाळामास्तर, डॉक्टर, कंत्राटदार असा कोणीही तिचा निम्मा मिस्त्री होऊ शकला. ॲम्बॅसडर घरात टिकली ती यामुळे.

यातली एक विशेष गोष्ट स्थानिक इतिहास लिहिणाऱ्यांनी नोंदवावी. ऐंशीच्या दशकात धार जिल्ह्यातील पीथमपूर ही मोठी उद्योगनगरी म्हणून उभी राहिली. हिंदुस्थान मोटर्सचा इंजिनांचा कारखाना तेथेच होता आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीस ॲम्बॅसडरला जे जपानी इसुझू पद्धतीचे इंजिन मिळाले ते या पीथमपुरात तयार होई. म्हणजे ऑक्सफर्डच्या या लेकीला दुसरे हृदय मिळाले ते तिरल्याच्याच जिल्ह्यात.

परंतु तोवर वारे फिरले होते. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली. पुढे प्रदूषणाचे नियम कडक होत गेले आणि एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा लागू झाले. कार्बोरेटर गेला, पॉइंट गेले, त्यांच्या जागी संगणक आला. नवी गाडी कमी धूर सोडते, कमी इंधन पिते, अपघातात माणसाला जास्त वाचवते. या गोष्टी नाकारण्यात अर्थ नाही. जुनी ती सोन्याची असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. मामांच्या गाडीला पट्टे नव्हते आणि तिचा डिझेलचा धूर अंगणातल्या तुळशीवर बसे. माझा प्रश्न वेगळा आहे. यंत्र सुधारले, पण भोजाच्या ग्रंथातली गुप्तता परत आली. आज बिघाड झाला की गाडी एक आकडा दाखवते आणि तो आकडा वाचण्याचे साधन मालकाकडे नसते. ग्राहकाला आपली वस्तू दुरुस्त करण्याचा हक्क असावा म्हणून २०२२ साली केंद्र सरकारने समिती नेमली आणि त्याच वर्षी त्यासाठी संकेतस्थळही सुरू केले. मोटारींचा त्यात समावेश आहे. मामांच्या पिढीला असा हक्क मागावाच लागला नव्हता.

मूळ रूप म्हणजे काय?

आता माझ्या मामेभावापुढे एक पेच आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या मोटारींसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. तिला ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीला वीस हजार आणि पुढील नोंदणीला पाच हजार रुपये शुल्क. नियम स्वागतार्ह आहे, कारण त्यामुळे जुन्या गाड्यांना भंगाराच्या वाटेवरून परतायची सोय झाली. पण त्यात अट अशी की गाडी मूळ रूपात राखलेली असावी, तिच्या सांगाड्यात किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा.

मामांची ॲम्बॅसडर साठ वर्षांची आहे, आणि तिचे इंजिन मॅटॅडोरचे आहे. तेव्हा ती व्हिंटेज नव्हे. एखाद्या धनिकाच्या गॅरेजमध्ये न चालता, न झिजता झाकून राहिलेली गाडी इतिहासाची साक्ष ठरते. आणि जिने गावातल्या बाळंतिणी धारच्या इस्पितळात नेल्या, लग्नाच्या वराती ओढल्या, गव्हाची पोती वाहिली आणि त्यासाठी आपले काळीज बदलून घेतले, ती ठरत नाही. मूळ इंजिन शोधून पुन्हा बसवावे, असा सल्ला भावाला काहींनी दिला आहे. तसे केले तर उस्तादांचे काम कापून काढावे लागेल. भावाने अजून निर्णय घेतलेला नाही, आणि त्याला घाई करण्याचा सल्ला मीही दिलेला नाही.

नियम करणाऱ्यांना कोठेतरी रेषा आखावीच लागते, हे मी समजू शकतो. पण इतिहासाच्या अभ्यासकाने तीच रेषा मानण्याचे कारण नाही. एखाद्या देवळाचा जीर्णोद्धार अठराव्या शतकात झाला म्हणून आपण त्याला इतिहासातून वगळत नाही. उलट जीर्णोद्धार कोणी केला, कशाने केला याचा शोध घेतो. मोटारीच्या बाबतीतही बदललेला भाग हाच पुष्कळदा अधिक बोलका पुरावा असतो. १९८८ सालच्या पेट्रोलच्या खर्चाची झळ एका खेड्यातल्या घराला कशी लागली, ते घर त्यातून कसे तरले आणि एका अशिक्षित म्हटल्या जाणाऱ्या कारागिराची बुद्धी किती लांब पोहोचत होती, हे सगळे त्या इंजिनाच्या पायांवरच्या वेल्डिंगच्या रेघांत वाचता येते.

अशा वह्या आणि असे कारागीर केवळ तिरल्यात आहेत असे नाही. बेळगाव, निपाणी, कोल्हापूर या पट्ट्यात जुन्या गॅरेजांतून सत्तरीच्या घरातली पुष्कळ मंडळी अजून आहेत. त्यांचे हात थकले आहेत, आठवण शाबूत आहे. गेल्या दोन वर्षांपासून आमच्या शाळेत नववीच्या मुलांना इतिहासाच्या प्रकल्पासाठी मी एक काम देतो. आपल्या भागातल्या एका वृद्ध मिस्त्रीकडे जाऊन त्याने कोणाकडून विद्या घेतली, कोणती गाडी प्रथम उघडली आणि कोणते हत्यार स्वतः बनवले, एवढे तीन प्रश्न विचारून उत्तरे त्याच्याच शब्दांत लिहून आणावीत. आतापर्यंत एकतीस वह्या जमल्या आहेत. त्यांतील एका मुलीने आपल्या आजोबांनी सायकलीच्या आरीपासून केलेला कार्बोरेटर साफ करायचा हूक वहीला दोऱ्याने बांधून आणला. शाळेच्या कपाटात ताम्रपटाच्या ठशाशेजारी मी तो ठेवला आहे.